तोंड आलंय? आधी जागा बघा, मग दिवस मोजा

या वेळी निवडलेली सगळी पत्रं तोंड येण्याविषयीची आहेत. ओठाच्या आतला मुगाएवढा छाला, बाळाच्या जिभेवरचा पांढरा थर, सुपारीने होणारी आग, औषधाने सोललेलं तोंड, या सगळ्याला आपण ‘तोंड आलंय’ एवढंच म्हणतो. मेडिकलवालाही तेवढंच ऐकून एक ट्यूब पुढे सरकवतो. म्हणून पुढच्या बऱ्याच उत्तरांत ‘कुठे आलं आणि किती दिवस झाले’ हाच प्रश्न आम्ही उलट विचारला आहे.

प्रश्न : माझं वय ३४. गेली चार-पाच वर्षं दर दीड-दोन महिन्यांनी तोंड येतं. ओठाच्या आत, गालाला, कधी जिभेच्या कडेला. सासूबाई म्हणतात उष्णता झाली, सब्जा घे. आमचे डॉक्टर म्हणतात पोट साफ ठेवा. मी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेते, आठवड्यात बरं होतं, पुन्हा येतं. हे कायमचं जाईल का?
— एक वाचिका, नाशिक

तुम्ही लिहिलेल्या जागांवरूनच निम्मं निदान होतं. ओठाची आणि गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालचा तळ, टाळूचा मागचा मऊ भाग इथलं अस्तर नाजूक आणि सैल असतं. वारंवार येणारे छाले, ज्यांना वैद्यकात ‘ॲप्थस अल्सर’ म्हणतात, ते याच अस्तरावर येतात. दाताला चिकटलेली घट्ट हिरडी आणि टाळूचा कडक भाग ते सहसा सोडतात. मोबाइलचा टॉर्च लावून आरशात बघा. गोल किंवा लंबगोल खळगा, तळाला पिवळसर-राखाडी साय धरल्यासारखी, भोवती लालबुंद कड. आपण फोड म्हणतो खरं, पण त्यात पाणी नसतं. अस्तराचा तेवढा गोल तुकडाच निघालेला असतो, म्हणून लिंबाचा थेंब लागला तरी डोळ्यांत पाणी येतं. छाला दिसायच्या एक-दोन दिवस आधी ती जागा चुरचुरते. बहुतेकांचे छाले एक सेंटिमीटरहून लहान असतात, एका वेळी एक ते पाच येतात आणि ७ ते १४ दिवसांत व्रण न ठेवता भरतात.

बी-कॉम्प्लेक्सचं रहस्य याच शेवटच्या वाक्यात आहे. जो छाला काहीही न करता दहा दिवसांत भरणारच, त्यावर चौथ्या दिवशी काहीही सुरू केलं तरी लागू पडल्यासारखंच वाटतं. सब्जा, एरंडेल, गुलकंद यांचं नाव बरंचसं याच हिशेबावर झालेलं आहे. (गुलकंद खा, चवीला छान असतो.)

घडतं ते असं. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती तोंडाच्या अस्तरातल्या एखाद्या ठिपक्यावर उलटते. ती कुणाची उलटणार यात घराण्याचा वाटा मोठा. आईवडील दोघांनाही हा त्रास असेल तर मुलांना बऱ्याचदा होतो. निमित्त मात्र प्रत्येकाचं निराळं: चावताना गाल दाताखाली येणं, कडक ब्रश, चकलीचं टोक, जागरणं, परीक्षा, पाळीच्या आधीचे दिवस. पोटाचा काहीच संबंध नाही असंही नाही, पण तो बद्धकोष्ठाचा नव्हे. गव्हातलं ग्लुटेन न सोसणं म्हणजे सिलिॲक, किंवा आतड्याचा क्रोन्स आजार, यांत तोंड वारंवार येतं. छाल्यांबरोबर सतत पातळ शौच, वजन घटणं किंवा शौचातून रक्त असं काही असेल तरच त्या वाटेने तपास करायचा.

तुमच्यासारखं वरचेवर तोंड येणाऱ्याने आधी रक्त तपासावं: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२ आणि फोलेट. हिमोग्लोबिन १२ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. लोहाचा साठा आधी आटतो, हिमोग्लोबिन त्यानंतर उतरतं. फेरिटिन १५च्या खाली असेल तर साठा संपलेलाच आहे. १५ ते ३०च्या मध्ये असेल तरी लोह सुरू करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. बी-१२ २००च्या खाली म्हणजे कमतरता, २०० ते ३०० म्हणजे काठावर. शाकाहारी असाल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल किंवा पित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर हा आकडा कमी यायची शक्यता जास्त. सध्याची बी-कॉम्प्लेक्स थांबवून काही आठवड्यांनी रक्त द्या, नाहीतर आकडा फसवा येतो.

बी-१२बद्दल एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. इस्रायलमध्ये २००९ साली वारंवार तोंड येणाऱ्या ५८ जणांवर तो झाला. काहींना रोज झोपताना १००० मायक्रोग्रॅम बी-१२ जिभेखाली ठेवायला दिलं, बाकीच्यांना नुसती पिठाची गोळी. सहाव्या महिन्यात बी-१२ घेणाऱ्यांपैकी ७४ टक्के लोकांना छाला आला नाही, पिठाच्या गोळीवाल्यांत हेच प्रमाण ३२ टक्के होतं. फरक दिसायला पाचवा महिना उजाडला. याउलट अमेरिकेत १६० जणांना वर्षभर रोजच्या गरजेएवढी जीवनसत्त्वं असलेली मल्टिव्हिटॅमिन दिली, तिचा काही उपयोग झाला नाही. तुमच्या बी-कॉम्प्लेक्सच्या पाकिटावर बी-१२ किती मायक्रोग्रॅम आहे ते वाचा, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल.

तपासण्या हातात येईपर्यंत टूथपेस्ट बदला. पेस्टला फेस यावा म्हणून सोडियम लॉरिल सल्फेट घालतात आणि काहींच्या तोंडाचं अस्तर त्याने सोलतं. आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्येही ते असतं, तेव्हा नावावर जाऊ नका, घटकांची यादी वाचा. ते नसलेली पेस्ट तीन महिने वापरा आणि कॅलेंडरवर छाला आला त्या दिवशी खूण करा. तीन महिन्यांत खुणा कमी झाल्या नाहीत तर जुनी पेस्ट परत आणायला हरकत नाही.

कायमचं जाईल का? छाल्यांना मुळापासून घालवणारं औषध नाही. बहुतेकांना हा त्रास विशी-तिशीत सर्वांत जास्त असतो आणि चाळिशीनंतर आपोआप विरळ होत जातो. कमतरता सापडली आणि ती भरून निघाली तर मात्र त्याआधीही पुष्कळ फरक पडतो.

प्रश्न : मेडिकलमधून जेल आणतो. लावलं की झोंबतं, आणि पाच मिनिटांत लाळेबरोबर पोटात जातं. मग लावायचं कशाला?
— एक वाचक, कोल्हापूर

तुम्ही आणता ते बहुधा बधिर करणारं जेल आहे. त्यात लिग्नोकेन किंवा कोलिन सॅलिसिलेट असतं. त्याने दुखणं घटकाभर दबतं, छाला लवकर भरत नाही. जेवणाआधी पाच-दहा मिनिटं लावायचं, दोन घास सुखाने जावेत एवढाच त्याचा उपयोग. बधिर तोंडाने गरम चहा पिऊ नका. चटका कळत नाही आणि गालही चावला जातो.

छाल्याचे दिवस कमी करायचे तर स्टेरॉइडची चिकट पेस्ट लागते, बहुतेकदा ०.१ टक्का ट्रायमसिनोलोनची. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायची. ही पेस्ट जागा चुरचुरायला लागल्या दिवशी लावली तर कामाची. आठव्या दिवशी लावून पैसे वाया जातात. ‘लावली पण टिकली नाही’ ही तक्रार जवळजवळ नेहमी लावण्याच्या पद्धतीतून येते, म्हणून ती सविस्तर सांगतो.

जेवण आणि दात घासणं उरकल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा. ओठ किंवा गाल बोटाने बाहेर ओढून धरा आणि स्वच्छ गॉजचा तुकडा छाल्यावर हलकेच दाबून जागा कोरडी करा. पुसू नका, टिपा. ओल्या जागेवर पेस्ट धरतच नाही, सगळं बिनसतं ते इथेच. मग ज्वारीच्या दाण्याएवढी पेस्ट इअरबडच्या टोकावर घ्या, छाल्यावर टेकवा आणि दाबून सोडा. चोळलीत तर ती रवाळ होते, वाळूसारखी लागते आणि तिचे तुकडे पडतात. नीट बसली की तिचा गुळगुळीत पातळ पडदा होतो, तो जिभेला जाणवतो. ओठ आणखी मिनिटभर बाहेरच धरा. त्यानंतर अर्धा तास खाणं-पिणं बंद. दिवसातून दोन-तीनदा पुरे, आणि त्यातली एक वेळ झोपण्याआधीची हवीच, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि पेस्ट जास्त वेळ राहते. सात दिवसांत फरक नाही किंवा जागेवर दह्यासारखे पांढरे कण दिसू लागले (म्हणजे बुरशी) तर थांबवा आणि दाखवा.

छाले घशाजवळ किंवा पाच-सहा ठिकाणी असतील तर बोट पोचत नाही. तिथे डॉक्टर स्टेरॉइडची गोळी पाण्यात विरघळवून तिची चूळ भरायला सांगतात. ती थुंकायची, गिळायची नाही. क्लोरहेक्सिडीनचा ०.२ टक्क्याचा माउथवॉश असेल तर १० मिली, मिनिटभर, दिवसातून दोनदा. मात्र दात घासल्यावर लगेच नको, पेस्टमधल्या फेसाने तो निकामी होतो. अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरला आणि वर चहा चालू ठेवला तर दात तपकिरी दिसू लागतात. यातलं काहीच नसेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, किंवा अर्धा कप पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा. सोड्याची चूळ मिठापेक्षा कमी झोंबते.

प्रश्न : आजी तुरटीचं पाणी, मधात हळद, जाईची पानं, ज्येष्ठमध, बोरोग्लिसरीन असं सगळं सुचवते. आमच्या आठ महिन्यांच्या मुलाला तोंड आलंय, त्यालाही हेच लावायचं का?
— एक वाचिका, रत्नागिरी

बाळाचं आधी. आठ महिन्यांच्या मुलाला ॲप्थस छाले क्वचितच येतात. जीभ आणि गालावर पांढरे ठिपके असतील तर ओल्या मऊ कापडाने हळूच पुसून बघा. लगेच निघून आलं तर दुधाचा थर. घट्ट चिकटलेलं असेल आणि निघताना खाली लाल होत असेल तर बुरशी. तिच्यासाठी बालरोगतज्ज्ञ तोंडात लावायचं बुरशीचं औषध देतात, आणि अंगावर पाजत असाल तर तुमच्या स्तनाग्रांनाही उपचार लागतो, नाहीतर ती इकडून तिकडे फिरत राहते. एक वर्षाच्या आत मध बोटभरही नको. त्यात बॉट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात आणि इतक्या लहान आतड्यात ती रुजतात. बोरोग्लिसरीनही नको. त्यातला बोरॅक्स अंगात शोषला जातो, आणि चोखणीला मध-बोरॅक्स लावल्याने बाळांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. घरात ती बाटली असेल तर टाकून द्या.

मोठ्यांसाठी आजीच्या यादीतलं बरंच चालतं. सगळ्यांत बिनधोक साजूक तूप: जेवणाआधी छाल्यावर लावलं की तिखट-मिठापासून आडोसा होतो. मध-हळदीने नुकसान नाही. आयुर्वेदात मुखपाकासाठी जाईची पानं सांगितली आहेत. दोन-तीन कोवळी पानं धुऊन, चघळून थुंकायची. पान तुरट असतं, त्याने जागेवर पातळ पापुद्रा धरल्यासारखा होतो आणि चुरचुर कमी वाटते. झाड जाईचंच आहे याची मात्र खात्री असू द्या. ज्येष्ठमधाची काडी अधूनमधून ठीक, पण रक्तदाबाच्या माणसाने तिचा रस रोज गिळू नये. त्याने दाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. तुरटीची पातळ चूळ चालेल, खडा छाल्यावर घासणं नको. लवंगेचं तेल, चुना आणि डोकेदुखीची गोळी कुटून लावणं, या तिन्हींनी अस्तर भाजतं आणि पाच मिलिमीटरच्या छाल्याची दीड सेंटिमीटरची जखम होते.

दात येताना लावायची म्हणून बधिर करणारी जेलं मिळतात, तीही टाळा. बेन्झोकेन दोन वर्षांखाली नको आणि कोलिन सॅलिसिलेट सोळा वर्षांखाली नको. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत नाव असतं.

प्रश्न : एका ताटात जेवल्याने, एका ग्लासाने पाणी प्यायल्याने तोंड येतं का?
— एक वाचक, पणजी

छाल्यांनी नाही, ते संसर्गाचे नाहीतच. ओठाच्या बाहेरच्या कडेवर पाण्याने भरलेल्या बारीक पुळ्यांचा झुबका येतो आणि मग खपली धरते, ती हर्पिस. ती लागते. ती वाळेपर्यंत ग्लास, टॉवेल आणि बाळाचे पापे बंद.

प्रश्न : दहा वर्षं खर्रा खात होतो. महिन्यापूर्वी सोडला आणि तेव्हापासून तोंड येतंय. तिखट तर अजिबात चालत नाही. मित्र म्हणतात शरीराला सवय आहे, थोडा थोडा चालू ठेव.
— एक वाचक, चंद्रपूर

मित्रांचं ऐकू नका. तंबाखू सोडल्यावर काही जणांना पहिल्या काही आठवड्यांत छाले येतात, हे खरं. तंबाखूने अस्तर जाड आणि राठ झालेलं असतं, ते पुन्हा मऊ होताना असं घडतं. बहुतेकांचं ते आपोआप निवतं. निकोटिनचं च्युइंगम चघळत असाल आणि त्याने आग होत असेल तर डॉक्टरांना विचारून त्याऐवजी पट्टी घ्या.

तुमच्या पत्रातला ‘तिखट अजिबात चालत नाही’ हा भाग आम्हाला जास्त खटकला. ही बोच छाल्याच्या जागेपुरती आहे की सगळ्या तोंडाची आग होते? छाला नसतानाही भाजीचा पहिला घास जाळत असेल तर ते सुपारीचं काम असू शकतं. सुपारीतल्या द्रव्यांनी गालाच्या अस्तराखाली दोरीसारखे कडक धागे साठत जातात. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. खर्रा, मावा, गुटखा, नुसती गोड सुपारी, सगळ्यांनी ते होतं. तंबाखू नसली तरी होतं.

घरी एक परीक्षा करा. आपल्याच हाताची तर्जनी, मधलं आणि अनामिका ही तीन बोटं एकमेकांना चिकटवून उभी धरा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. तिन्ही सहज गेली तर तोंड पुरतं उघडतंय. तिसरं अडतं किंवा जबरदस्ती करावी लागते, तर मोजून लिहून ठेवा आणि दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत दाखवा. मग गाल आतून बघा. गुलाबीऐवजी संगमरवरासारखा पांढुरका आणि बोटाला ताठर लागतो का? शीळ वाजते का? गाल फुगवता येतात का? साठलेले धागे पुरते विरघळत नाहीत, पण सुपारी सुटली की त्यांचं वाढणं थांबू शकतं. तोंड उघडण्याचे व्यायाम आणि इंजेक्शनं यांनी थोडी जागा परत मिळते. या विकारात पुढे कॅन्सर होण्याचा धोका असतो, म्हणून तपासणी दर काही महिन्यांनी चालू ठेवावी लागते.

पुन्हा तलफ आली तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर फोन करा, पैसे पडत नाहीत.

प्रश्न : आईचं वय ६६. आमवातासाठी दोन महिन्यांपूर्वी नव्या गोळ्या सुरू केल्या. चार दिवसांपासून तिचं सगळं तोंड सोललंय, पाणीही जात नाही. जेल लावतोय. आणखी काय करू?
— एक वाचक, लातूर

हे पत्र मिळताच आम्ही उत्तर टपालाने पाठवलं आहे. तेच इथे छापतो, कारण हा प्रसंग दुसऱ्या घरीही येऊ शकतो.

जेल बाजूला ठेवा आणि गोळ्यांची पाकिटं हातात घ्या. एकावर ‘मेथोट्रेक्सेट’ लिहिलंय का? आमवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली जाते, ही घोडचूक सगळीकडे होते. तिच्याबरोबर दिलेली फॉलिक ॲसिडची गोळीही बहुधा तशीच लहान आणि पिवळी असते, म्हाताऱ्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. मेथोट्रेक्सेट वेगाने वाढणाऱ्या पेशी रोखतं. तोंडाचं अस्तर तसंच वेगाने वाढतं, म्हणून पहिली खूण तिथे दिसते. पण त्याच वेळी हाडांतल्या मगजात पांढऱ्या पेशीही कमी होत असतात, आणि जिवावर बेततं ते त्याने.

रोज घेतली असेल किंवा ताप, अंगावर निळे डाग, पातळ शौच यांतलं काहीही असेल तर पुढची गोळी न देता आजच मोठ्या रुग्णालयात न्या. सीबीसी, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या होतील. फोलिनिक ॲसिड हा त्यावरचा उतारा आहे, तो तिथेच देतात. बरोबर आठवड्याला एकच घेत असेल तरी त्याच दिवशी संधिवाताच्या डॉक्टरांना कळवा. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी मधे कोट्रायमॉक्सॅझोल दिलं होतं का, हेही सांगा. ते आणि मेथोट्रेक्सेट एकत्र धोक्याचे. पुढे गोळी पुन्हा चालू झाली तर पाकिटावर मार्करने वार लिहा आणि बाकी पाकिटं दुसऱ्या डब्यात ठेवा.

हृदयाच्या रुग्णांनीही एक लक्षात ठेवावं. छातीच्या दुखण्यावर निकोरँडिल दिलेलं असेल तर त्याने मोठे, खोल आणि महिनोन्‌महिने न भरणारे छाले येऊ शकतात. गोळी स्वतः बंद करू नका. हृदयरोगतज्ज्ञ बदलून देतात.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलीला ताप येऊन तोंड आलं. तळहातावरही पुरळ आहे.
— एक वाचिका, ठाणे

तळहात, तळपाय आणि तोंड, तिन्हीकडे असेल तर तो हात-पाय-तोंड रोग, विषाणूचा. सात ते दहा दिवसांत जातो. ताप उतरेपर्यंत आणि पुरळ वाळेपर्यंत बालवाडी बंद ठेवा आणि तिचे कपडे-शी हाताळल्यावर साबणाने हात धुवा. हिरड्या सुजून लालभडक, लाळ गळते, असं असेल तर हर्पिसची पहिली लागण असू शकते, ती लवकर दाखवली तर औषध आहे. दोन्हींत खरा धोका मूल पाणी पिणं सोडण्याचा. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या आणि अर्ध्या तासाने गार दूध किंवा ओआरएस चमच्याचमच्याने पाजा. सहा-आठ तास शू झाली नाही तर डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : मुलीला (वय १३) तारा बसवल्यापासून गाल सोलतोय.
— एक वाचक, पुणे

तारा बसवणाऱ्या दंतवैद्याकडून (ऑर्थोडोंटिस्ट) मेणाची डबी घ्या. तांदळाच्या दाण्याच्या दुप्पट मेण चिमटीत मळून मऊ करा, टोचणारं ब्रॅकेट (दातावर चिकटवलेली, तार धरणारी कळ) कापसाने कोरडं करा आणि त्यावर दाबून बसवा. खाताना काढायचं, नंतर नवं लावायचं. मागच्या दाढेकडे तारेचं टोक बाहेर आलं असेल तर मेणाने भागत नाही. ते कापून घ्यावं लागतं, दोन मिनिटांचं काम आहे, पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

प्रश्न : वय ५८. जिभेच्या कडेला दीड महिन्यापासून छाला आहे. दुखत नाही म्हणून लक्ष दिलं नाही. शेजारची दाढ तुटलेली आहे.
— एक वाचक, सोलापूर

दुखत नाही म्हणूनच लक्ष द्या. नेहमीचा छाला दुखतो आणि दोन आठवड्यांत जातो. एकाच जागी तीन आठवड्यांहून जास्त राहिलेला, बोटाला कड कठीण लागणारा छाला दाखवलाच पाहिजे, तंबाखू खात नसलात तरी. दंतवैद्य आधी दाढेची धार घासून किंवा ती काढून दोन आठवडे वाट बघतात. दाढेमुळे झालेली जखम तेवढ्यात भरत येते. तुमचा दीड महिना झालाय, त्यामुळे ते लगेचच बायोप्सी सांगतील तर नाही म्हणू नका. जागा बधिर करून मसुरीएवढा तुकडा घेतात, एक-दोन टाके पडतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो, हे खोटं आहे.

प्रश्न : तोंड तर येतंच, पण गुप्तांगावरही तसेच छाले येतात. संकोचाने कुणाला सांगितलं नाही. गेल्या महिन्यात डोळा लाल होऊन अंधूक दिसत होतं.
— नाव-गाव छापू नये

बरं झालं लिहिलंत. वर्षातून तीनदा किंवा जास्त वेळा तोंड येणं, गुप्तांगावर छाले आणि डोळ्याची सूज हे तिन्ही एकत्र असेल तर बेहचेट आजार मनात आणावा लागतो. हुलूसी बेहचेट या तुर्की त्वचारोगतज्ज्ञाने १९३७ साली त्याचं वर्णन केलं. हा लैंगिक संसर्ग नाही, कुणाच्या वागण्याचा दोष नाही. रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा प्रकार आहे. यात घाई आहे ती डोळ्यासाठी. पडद्याला सूज आली तर दृष्टी जाऊ शकते. याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि त्यांना तिन्ही गोष्टी एका दमात सांगा. एरवी डोळ्याचा डॉक्टर डोळा बघतो, दाताचा दात, आणि कुणालाच पूर्ण चित्र दिसत नाही. पुढचे उपचार संधिवाततज्ज्ञ करतात.

प्रश्न : रविवारी भावाचं लग्न आणि मला आजच तोंड आलंय! जेवू कसा?
— एक वाचक, सांगली

आज चुरचुरतंय म्हणजे रविवारी ऐन भरात असेल. वर सांगितलेल्या स्टेरॉइडच्या पेस्टसाठी आजच डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. तोवर मऊ भात-तूप, मुगाची खिचडी, नाचणीची गार आंबील (ताक न घालता), पिकलं केळं. टोमॅटोचं सार, अननस, लिंबू, कोकम, चिवडा, भाकरीचा कडक पापुद्रा हे बंद. पंगतीला बसायच्या दहा मिनिटं आधी बधिर करणारं जेल, त्यावर नखभर तूप. वरण-भात आणि बासुंदी निवांत जाईल. मठ्ठ्यात मिरची-आलं वाटलेलं असतं, तो सोडा. जिलबी गरम आणि कुरकुरीत असते तेव्हाच टोचते. पाकात बसून मऊ झालेली मागून घ्या.